परिस्थितीवर अवलंबून

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या मुलाला मधेच 'क्वालिफायर' नावाची परीक्षा द्यावी लागते, हे कळल्यावर आई म्हणाली, "पुन्हा परीक्षा? मग तुला घेतलं कशावर?" मामा एमपीएससीची पूर्व देऊन बसलेला, त्यामुळे घरातला परीक्षातज्ज्ञ तोच. व्हिडिओ कॉलवर चष्मा चढवून त्यानं विचारलं, "पूर्व आहे का मुख्य? निगेटिव्ह मार्किंग?" मी म्हटलं, तीन प्राध्यापक समोर बसतात आणि वाट्टेल ते विचारतात. "म्हणजे डायरेक्ट मुलाखत! क्लास कुठला लावलायस?" दुसऱ्यांदाही गचकलो तर हातात मास्टर्स ठेवून नारळ देतात, हे मी सांगितलं नाही. मास्टर्स ऐकून आईनं पेढे वाटले असते.

माझा रूममेट अल्गोरिदमवाला. त्याची सिद्धता एकतर असते किंवा नसते. रात्री अकराला वही मिटून तो घोरायला मोकळा. आमचा विषय सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. हातभर रीडिंग लिस्ट उपसल्यावर माझ्या लक्षात आलं, की इथे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर आहे. टेस्टिंग कधी थांबवावं? परिस्थितीवर अवलंबून. डिझाइन आधी पूर्ण करावं की करत करत? परिस्थितीवर अवलंबून. प्रोग्राम चालण्याआधी टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार (आकडा की अक्षरं), तपासून घेणारी प्रोग्रामिंग भाषा बरी की न तपासणारी? हे परिस्थितीवर आणि समोर कुठले सर बसलेत त्यावर. कुठल्याही सरकारी खिडकीवर हे उत्तर फुकट मिळतं. आम्हाला मात्र ते आडनाव आणि साल लावून द्यावं लागतं.

म्हणून मी आडनावं आणि सालं पाठ करत होतो. पार्नास, १९७२: जो निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे, तो प्रोग्रामच्या एका मोड्यूलमध्ये, म्हणजे सुट्या भागात, लपवा, बाकीच्या भागांना पत्ता लागू देऊ नका. (आमच्या घरात ही पद्धत त्याच्या आधीपासून आहे.) ब्रुक्स, १९७५: रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "यात काय नवीन? लग्नाच्या स्वयंपाकघरात ऐन वेळी चार जावा मदतीला आल्या, की पुऱ्या लाटणाऱ्या बाईचा वेळ मीठ कुठंय ते सांगण्यातच जातो." तिला साल विचारलं असतं तर तेही निघालं असतं.

सगळ्यात मजा आली ती रॉइस यांच्या १९७० च्या पेपरात. एक पायरी पुरी झाल्यावरच पुढची, मागे वळणं नाही, अशा वॉटरफॉल पद्धतीचे जनक म्हणून त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत छापलेलं असतं. पेपर उघडला तर त्यात वॉटरफॉल हा शब्दच नाही! पायऱ्यापायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृती आहे, आणि लगेच पुढे साहेब म्हणतात की हे असं राबवणं धोक्याचं आहे, अपयशाला आमंत्रण आहे. लोकांनी आकृती उचलली, वाक्य तिथंच ठेवलं. प्रोग्राममध्ये कुठूनही कुठेही उडी मारायला लावणाऱ्या 'गो टू' या आज्ञेविरुद्धचं डाइकस्ट्रा यांचं १९६८ चं पत्रही तसंच. ते गाजलं ज्या मथळ्यामुळे, तो त्यांचा नव्हेच, संपादक विर्थ यांनी दिलेला. म्हणजे आमच्या शाखेचे थोर थोर वाद मथळा आणि चित्र पाहून झालेले. रात्री दोनला फक्त गोषवारा आणि निष्कर्ष वाचून पुढे सरकताना मला या परंपरेचा मोठा आधार वाटे.

मग एका सीनियर मुलीनं माझी रंगीत तालीम घेतली. फळ्यापाशी उभं केलं आणि विचारलं, "जुना कोड पुन्हा वापरावा का?" मला उकळ्या फुटल्या. युरोपचं एरियान-५ रॉकेट, ४ जून १९९६! एरियान-४ वर बिनतक्रार चाललेला कोड नव्या रॉकेटात तसाच घातला. नव्याचा वेग जास्त; ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावेना; मुख्य इंजिन पेटल्यापासून सदतीसेक सेकंदांत मार्गदर्शन यंत्रणा बंद आणि पाठोपाठ रॉकेटच्या चिंधड्या. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं, फळ्यावर धुरासकट रॉकेट काढलं आणि ऐटीत समारोप केला, "तेव्हा, परिस्थितीवर अवलंबून."

ती म्हणाली, "कशावर?"

रीडिंग लिस्टमध्ये याचं साल नव्हतं. मी रॉकेटला आणखी एक पंख काढला.

"नेमकं काय बदललं तर उत्तर बदलतं, ते सांगायचं," ती म्हणाली. "आणि तेही नाही आलं, तर टाइप्सचा विषय काढ. पुढचं आपोआप होतं."

प्रत्यक्ष परीक्षेत मी पहिला सल्ला प्रामाणिकपणे वापरला आणि पुरता दमल्यावर दुसऱ्याकडे वळलो. टाइप्सचं नाव काढताच एक सर खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. पहिले म्हणाले, निम्मे बग प्रोग्राम चालण्याआधी कंपायलरनंच पकडले असते. दुसरे म्हणाले, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिले गरजले, "कशावर?" मग दोघांनी मिळून फळा भरवला. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि मला खुणेनं सांगितलं, तू बाहेर थांब, यांचं आटोपलं की बोलावते.