‘एसीत बसून’ लिहिणाऱ्या बाईंचं उत्तर

‘कट्टर मुंबईकर’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांस,

मुंबई महानगर प्रदेशातल्या महापालिकांनी हवामानाचा आणि विजेचा आराखडा आपापल्या हद्दीपुरता न करता एकत्र बसून करावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘मॅडम, एसीत बसून असलं लिहिणं सोपं असतं. महापालिका आठ नाहीत, नऊ आहेत. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे की, आणखी एक समिती कशाला? आणि मुंबईकरांच्या करातून बदलापूरच्या नदीचा गाळ का काढायचा?’

नऊ आहेत, मान्य. पनवेल राहिलं. २०१६ साली तिथं महापालिका झाली, पण माझ्या डोक्यात अजून नगरपरिषदच बसलीय. लेखात दुरुस्ती केली आहे. मोजायलाच बसलात म्हणून सांगते, तुमचं बदलापूर त्या नवांत येत नाही. तिथं नगरपरिषद आहे.

आता एसी.

आमच्या मुलुंडच्या घरात एक एसी आहे. तो आतल्या खोलीत, सासूबाईंसाठी. मी बाहेरच्या खोलीत, खिडकीशी बसून लिहिते, आणि समोरच्या टॉवरचं काम चालू असल्यामुळे ती खिडकीही बंद असते. हे तुम्हाला सांगायची खरं तर काही गरज नव्हती. पण ‘मॅडम’ हा शब्द कुठल्या सुरात लिहिला जातो ते नोकरीत पुष्कळ ऐकलंय, त्यामुळे ओळखू येतो.

ती नोकरी २८ वर्षांची, एका महापालिकेत (नाव लिहीत नाही), त्यातली निम्मी नालेसफाईच्या खात्यात. कारकून होते, साहेब नव्हे. दोन महापालिकांच्या हद्दीवर एक नाला होता. मे महिन्यात आमचा पोकलेन गाळ काढत काढत हद्दीच्या खांबापर्यंत आला आणि थांबला. खांबापलीकडे थर्माकोल आणि पिशव्यांचा थर इतका घट्ट बसला होता की त्याच्यावरून एक कुत्रं आरामात चालत पलीकडे गेलं. मी विचारलं, आणखी पंधरा-वीस फूट काढता येणार नाही का? ऑपरेटर म्हणाला, ‘बाई, पुढचं त्यांचं.’ त्याची काय चूक? मोजमाप-वहीत तेवढंच बसणार होतं. मी पत्र तयार केलं, वरून सही झाली, गेलं. उत्तर ऑगस्टात आलं : ‘सदर बाब आपल्या स्तरावर तपासावी.’ तोवर जूनमध्येच खांबाच्या दोन्ही बाजूंच्या चाळींत पाणी शिरून गेलं होतं. तेव्हा एसीत कोण बसलं होतं, ते तुम्हीच ठरवा.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट घेऊन. चांगला आहे, मी तो छापून घेऊन वाचलाय. पण तो बृहन्मुंबईचा, म्हणजे दहिसरला आणि मुलुंडच्या चेकनाक्याला संपतो. वीज तिथं संपत नाही ना! १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्या बंद पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा ठाणे महापालिकेत आणि पडघा भिवंडी तालुक्यात. अंधार मात्र आपल्याकडे. शिवाय एकाच शहरात कुलाब्याला बेस्ट, अंधेरीला अदानी किंवा टाटा, आणि आमच्या मुलुंड-भांडुपला महावितरण. उद्या छतावरच्या सौरऊर्जेचं नीट नियोजन करायचं ठरलं, तर कोण कुणाशी बोलणार? हेच विचारलं होतं मी लेखात. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

एमएमआरडीए आहे, हो, १९७५ पासून. पण तिथं निवडून आलेल्या नगरसेवकांचं बहुमत नसतं. राज्यघटनेच्या २४३-झेडई कलमात महानगर नियोजन समिती आहे आणि तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांतल्या निवडून आलेल्या लोकांनी आपल्यातूनच निवडायचे असतात. तेव्हा ‘आणखी एक समिती’ मी काढलेली नाही, ती घटनेतच आहे. यावर वाद घालायला मला वेळ नाही.

राहता राहिला करांचा मुद्दा. तुमच्या नळाचं जवळपास निम्मं पाणी भातसाचं, आणि भातसा धरण शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. ते लोक तुम्हाला कधी हिशेब विचारायला आले का? बदलापूरची ती नदी म्हणजे उल्हास. तिला २७ जुलै २०१९ ला पूर आला तेव्हा वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराहून जास्त माणसं बोटींतून काढावी लागली. ती गाडी मुंबईहूनच सुटलेली होती. कुणी किती पैसे घालायचे याबद्दल सवडीनं लिहीन, पण तुमच्यासाठी नाही.

प्रतिक्रिया रात्री दीड वाजता आली आहे. पंख्याखाली बसून लिहिली असेल, असं धरून चालते.