पिवळा कागद म्हणजे अस्सल पोस्टर नव्हे

इटलीतल्या जुन्या मद्यांच्या जाहिरातींची पोस्टरं कशी ओळखावीत आणि का घ्यावीत, असा एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. मी ही पोस्टरं जमवतो हे माहीत असल्यामुळे सहा-सात जणांनी तो मला पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: कागद पिवळा आणि कडा झिजलेल्या असल्या की पोस्टर अस्सल. चित्रकाराची पेन्सिलीतली सही आणि आवृत्तीचा क्रमांक असेल तर सोन्याहून पिवळं. कापडावर चिकटवलेलं किंवा घड्या पडलेलं पोस्टर घेऊ नये. ही सगळी इटालियन चित्रकारांनी इटलीत केलेली कामं. जितकं जुनं तितकं मोलाचं. शेवटी जाहिरातच ती, तेव्हा कला वगैरे शोधू नका, पण पैसे मात्र हमखास दुप्पट होतात.

उत्तर लिहायचं मी टाळत होतो. मग गेल्या महिन्यात माझी भाची पहिल्या पगारातून घेतलेलं ‘मूळ काम्पारी’, म्हणजे काम्पारी या लाल, कडवट इटालियन मद्याचं पोस्टर, मला दाखवायला घेऊन आली. तिने हाच मजकूर वाचून, त्यातली प्रत्येक खूण ताडून पाहून ते ऑनलाइन मागवलं होतं. पैसे गेलेच, पण ते टेबलावर उलगडताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाच मिनिटांत उतरला, ते मला फार लागलं. म्हणून एकेक दावा घेतो.

आधी पिवळेपणा. पोस्टरचा कागद मुळातच स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा. भिंतीवर महिना-दोन महिने टिकला की त्याचं काम झालं. तो पिवळा पडतो हे खरं, पण त्याला शंभर वर्षं लागत नाहीत. खिडकीत विसरलेलं वर्तमानपत्र चार उन्हांत पिवळं होतं. शिवाय वय कागदावर सगळीकडे सारखं चढत नाही. उघड्या कडेला जास्त, घडीच्या रेषेवर जास्त, फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेल्या भागात कमी. भाचीच्या पोस्टरचे चारही कोपरे एकाच छटेचे तपकिरी होते. भिंग लावलं तर त्या तपकिरी डागांतसुद्धा बारीक रंगीत ठिपके. म्हणजे डागही छापलेलेच होते.

हे ठिपके हा सगळ्या ओळखीचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो. हल्ली फोटोवरून छापताना रंग अशा बारीक ठिपक्यांतूनच उभे राहतात, जुनी रीत वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत ही पोस्टरं दगडावरून छापली जात. आपल्याकडच्या जुन्या शिळाछाप पोथ्या ज्या तंत्राने निघाल्या तेच तंत्र: १७९६च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरने शोधलेलं, बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडी दगडावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त चरबीला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रवी वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला, तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रंही अशीच रंगावर रंग चढवत निघत. आजोळच्या देवघरात तशी एखादी जुनी तसबीर असेल तर काचेतून बाहेर काढून दहापट भिंगाखाली बघा. खडूचे वेडेवाकडे, लहान-मोठे कण दिसतील, सारख्या अंतरावरचे ठिपके दिसणार नाहीत. मिलानमध्ये त्याच सुमारास रिकॉर्डीच्या छापखान्यात हेच चाललं होतं. रिकॉर्डी ही १८०८ पासूनची संगीत प्रकाशन संस्था, ऑपेरांच्या जाहिरातींसाठी तिने छपाईत इतकी हुकमत मिळवली की लेओपोल्दो मेतलिकोवित्झ आणि मार्चेल्लो दुदोविच यांच्यासारखे, दोघंही त्रिएस्तेचे, चित्रकार तिथे दगडावर हात बसवून तयार झाले.

आता भाचीचं पोस्टर. चित्र १९२१चं, लिओनेत्तो काप्पिएल्लो या चित्रकाराचं: गडद पार्श्वभूमी, संत्र्याच्या सालीच्या वेटोळ्यातून उसळी मारून आलेला लाल विदूषक, हातात बिटर काम्पारीची बाटली. दगडी छपाईत त्याचा लाल सलग असतो, शाईचा एक अखंड थर, आणि छाया जिथे येते तिथे खडूचा दाणा. भाचीच्या प्रतीत तो लाल जवळून पाहिल्यावर किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांत विरघळला. अक्षरांच्या कडाही तशाच, ठिपक्यांनी कुरतडल्यासारख्या. मी भिंग तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “मामा, हा फोटोचा फोटो आहे.” अगदी बरोबर.

एक सावधगिरी मात्र हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑफसेट, म्हणजे ठिपक्यांतून रंग उभे करणारी यंत्रछपाई, रुळला, तेव्हा १९५०-६०च्या अस्सल पोस्टरवरही ठिपके सापडतात. ठिपके दिसले की खोटं, असा उलटा नियम करून बसू नका. चित्र कोणत्या सालचं आणि त्या साली ते कसं छापलं जाई, हे दोन्ही जुळलं पाहिजे.

पेन्सिलीतल्या सहीच्या दाव्याने सर्वांत जास्त नुकसान केलंय. पोस्टर शेकड्यांनी-हजारांनी छापून गावोगावच्या भिंतींवर डकवायचं असे. त्यावर बसून कोण सही करणार आणि क्रमांक टाकणार? चित्रकाराची सही चित्राबरोबर दगडावरच असते आणि छापूनच येते. पेन्सिलीने ‘३००पैकी १२’ असं लिहिलेलं काम्पारीचं किंवा चिंझानो या दुसऱ्या इटालियन मद्याचं पोस्टर दिसलं, तर ती नंतरच्या काळात सजावटीसाठी काढलेली आवृत्ती समजावी. भाचीच्या पोस्टरवर असा क्रमांक होता आणि त्यासाठीच तिने जास्त पैसे मोजले होते. माझंही पहिलं पोस्टर असंच होतं. नोकरीनिमित्त मिलानला होतो तेव्हा एका दुकानातून घेतलेलं, क्रमांकासकट. दुकानदाराने शपथेवर मूळ म्हणून सांगितलं होतं.

माझे डोळे उघडले ते नाव्हिल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी. तिथे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने माझ्याकडून काहीही विकत घेतलं जाणार नाही हे ओळखूनसुद्धा अर्धा तास शिकवलं. चित्राकडे बघू नको म्हणाला, खालची कड बघ. तिथे छापखान्याचं नाव आणि गाव बारीक अक्षरांत असतं. नकलेत ही ओळ बहुतेक वेळा एक तर गायब असते नाहीतर चिरडलेली, कारण मूळ प्रतीवरून लहान करताना पहिला बळी तिचाच जातो. मग त्याने कोपऱ्यातला लहानसा कराचा शिक्का दाखवला. सार्वजनिक जागी पोस्टर लावायला कर भरावा लागे आणि त्याचं तिकीट किंवा शिक्का पोस्टरवरच असे. चित्र विद्रूप होतं म्हणून काही जण अशा प्रती नाकारतात. मला त्या सर्वांत जवळच्या वाटतात, कारण तो कागद भिंतीवर जायला निघाला होता याचा तो पुरावा आहे. अर्थात शिक्का नाही म्हणून पोस्टर खोटं ठरत नाही. आज हाती येणारी बरीचशी पोस्टरं भिंतीवर कधी गेलीच नाहीत, म्हणून तर वाचली.

मापही तिथेच शिकलो. इटलीत ७० बाय १००, १०० बाय १४० आणि १४० बाय २०० सेंटिमीटर ही नेहमीची मापं. कडा कापल्या गेल्या तर दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होतं. तयार फ्रेममध्ये चपखल बसणारं ५० बाय ७०चं ‘मूळ’ समोर आलं तर आधी शंका घ्या.

कापड आणि घड्या यांबद्दल तर मजकुरात सरळ उलटं सांगितलंय. एवढा मोठा पातळ कागद शंभर वर्षांनी हातात धरला तर फाटतो, म्हणून जाणकार तो आधी पातळ कागदावर आणि मग ताणलेल्या कापडावर गव्हाच्या खळीने चिकटवतात. खळ पाण्याने सुटते, म्हणजे पुढे कुणाला ते काढायचं झालं तर काढता येतं. जगभर पोस्टर याच रीतीने जपलं जातं. घातक आहे ते दुसरंच: प्लायवूडवर किंवा पुठ्ठ्यावर फेविकॉलसारख्या गोंदाने कायमचं डकवणं आणि वर प्लॅस्टिकचा थर देणं. घड्यांचं म्हणाल तर छापखान्यातून पोस्टरं घड्या घालूनच पाठवली आणि ठेवली जात. १०० बाय १४०च्या कागदावर एकही घडी नाही, एकही टाचणीचं भोक नाही, हे मला घडीपेक्षा जास्त खटकतं.

‘इटालियन चित्रकारांनी इटलीत केलेली कामं’ हाही अर्धाच भाग. काप्पिएल्लो जन्माने लिव्होर्नोचा, पण १८९८ पासून पॅरिसचा. त्याचं १९१०चं चिंझानो, झेब्र्यावर बसलेला लाल स्वार, तोरिनोच्या वर्मूथसाठी (वनौषधी घातलेली वाइन) आहे, तरी त्यामागची सगळी धाटणी पॅरिसच्या रस्त्यांची. आणि घराघरांत ‘इटालियन’ म्हणून लटकलेला त्याचा तो बाटली उघडणारा हिरवा सैतान, १९०६चा, मोरँ किना या फ्रान्समधल्या मद्याचा आहे. इटलीशी त्याचं नातं एवढंच की तो काढणारा हात लिव्होर्नोचा. उलट दिशेने आशिल ल्युसियाँ मोझाँ आला: फ्रान्समधल्या गापचा, विशीत इटलीला पोचला आणि तिथल्या भिंतींवर वर्षानुवर्षं त्याची पोस्टरं झळकली. ही माणसं आणि हे कागद आल्प्स ओलांडून सतत ये-जा करत होते. ज्याला हे कळतं तो तळाला पॅरिसचा छापखाना दिसला म्हणून अस्सल काम्पारी परत करणार नाही. अशी चूक मी एकाला करताना पाहिलंय.

जितकं जुनं तितकं मोलाचं, याला एकच उदाहरण पुरे. १९६४च्या नोव्हेंबरमध्ये मिलानची पहिली मेट्रो सुरू झाली आणि तिच्यासाठी ब्रुनो मुनारी या इटालियन डिझायनरने काम्पारीचं पोस्टर केलं. कंपनीच्या नावाची वेगवेगळ्या काळातली अक्षररूपं कापून, तोडून लाल कागदावर विखुरली, म्हणजे फलाटावरून चालणाऱ्या किंवा गाडीतून जाणाऱ्या माणसाला कुठल्याही तुकड्यातून नाव वाचता यावं. ते आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कंपनीचं स्वतःचं दालन मिलानजवळच्या सेस्तो सान जोव्हान्नीत, जुन्या कारखान्याच्या जागी २०१० पासून आहे, आणि तिकडे मी पहिल्यांदा गेलो तो त्याच पहिल्या, लाल रंगाच्या मेट्रो मार्गाने. डब्याच्या खिडकीतून स्टेशनांची नावं मागे पळताना मुनारीने काय हेरलं होतं ते लख्ख कळलं.

‘जाहिरातच ती, कला नव्हे’ हे वाक्य मला खरोखर दुखावतं. फोर्तुनातो देपेरो या चित्रकाराने १९२६च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात काम्पारीसाठी केलेलं मोठं चित्र मांडलं आणि हे जाहिरातीचं चित्र आहे असं स्वतः निक्षून सांगितलं. लपवावं असं त्याला त्यात काही वाटलं नाही. १९३१ मध्ये त्याने जाहिरातकलेचा जाहीरनामाच छापला. आज बाजारात मिळणारी काम्पारी सोडाची शंकूसारखी छोटी बाटली त्याच्याच कल्पनेतून १९३२ मध्ये आली. विसाच्या दशकात काम्पारीच्या बाटल्या आणि ग्लास अंधारातून उजळवणारा मार्चेल्लो नित्सोली पुढे टाइपरायटर बनवणाऱ्या ऑलिव्हेत्ती कंपनीकडे गेला आणि त्याने लेत्तेरा २२ हा टाइपरायटर घडवला. हात तेच, डोळा तोच. आणि हे ज्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं तो ना समीक्षक होता ना व्यापारी दलाल. त्रेव्हिसोच्या नांदो साल्चेने १८९५ मध्ये भिंतीवर मातालोनी या चित्रकाराचं गॅसबत्तीचं पोस्टर पाहिलं आणि ते डकवणाऱ्या माणसाच्या हातावर एक लिरा ठेवून तसंच एक मागून घेतलं. पुढे आयुष्यभर जमवत राहिला. १९६२ मध्ये गेला तेव्हा सुमारे २५ हजार पोस्टरं सरकारला देऊन गेला. २०१७ पासून त्रेव्हिसोत त्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे मद्यांची, सायकलींची, टोप्यांची पोस्टरं त्याच काळजीने ठेवली आहेत जशी दुसरीकडे तैलचित्रं ठेवतात.

हमखास दुप्पट होण्याबद्दल फार लिहीत नाही. घेताना बरीच लिलावगृहं बोलीवर साधारण पाव भाग वर आकारतात. त्यात वाहतूक, आयातशुल्क, कापडावर चढवण्याची मजुरी आली. विकताना पुन्हा कमिशन. आणि ‘नातेवाइकाच्या बॅगेतून सुरळी करून आणा’ हा त्या मजकुरातला सल्ला तर अजिबात ऐकू नका: ७० वर्षांहून जुनी कलावस्तू इटलीबाहेर काढताना कागदपत्रं करावी लागतात, फार किमती असेल तर परवानगीही. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. बाहेरच्या भिंतीला लागून, काचेला चिकटवून टांगलेलं पोस्टर तीन पावसाळ्यांत ठिपकाळतं, कसर लागते, आणि समोर खिडकी असेल तर उन्हाने लाल आधी उडतो. काम्पारीच्या पोस्टरमधून लाल गेला तर मागे काय राहणार?

भाचीची ती प्रत तिने परत पाठवली नाही. चित्र तिला आवडतं, म्हणून खोलीत लावलंय, मागे ‘पुनर्मुद्रण’ असं स्वतःच्या हाताने लिहून. आता ती पुढच्या खरेदीसाठी पैसे साठवते आहे आणि विक्रेत्यांकडे चार फोटो मागते: खालच्या कडेवरची छापखान्याची ओळ, सलग रंगाचा भाग भिंगातून, पाठीमागची संपूर्ण बाजू आणि शेजारी मोजपट्टी ठेवून पूर्ण कागद. तिघांनी अजून उत्तर दिलेलं नाही. एकाने चारही पाठवले आणि वरून विचारलं की घडीवरची दुरुस्ती जवळून दाखवू का.