‘केसपेपर सोडू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘केसपेपर सोडू नका’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज गोव्यातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून निघून आता रुग्णांच्या गटांत पोचला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संगणकावर नोंदी ठेवल्या की डॉक्टरचा वेळ दुप्पट जातो, आभा नंबर (आरोग्याच्या नोंदी जोडणारा सरकारी ओळख क्रमांक) काढला की तुमचा आजार सरकारला आणि विमा कंपनीला कळतो, संगणक हॅक होतो, कागद सुरक्षित राहतो, आणि लहान दवाखान्याला हे परवडत नाही. चारही मुद्द्यांत चिमूटभर खरं आहे, म्हणूनच तो इतका पसरला.

वेळेचा मुद्दा त्यातल्या त्यात वजनदार. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की डॉक्टर रुग्णासमोर एक तास घालवतो तेव्हा संगणकावरच्या आणि टेबलावरच्या कामात जवळजवळ दोन तास जातात. मेसेजने हा आकडा उचलला आणि अमेरिका गाळली. तिथली नोंद बिल मंजूर करून घेण्यासाठीही लिहावी लागते. गोव्यातल्या साखळी गावच्या दवाखान्यात खोकल्याच्या रुग्णामागे तसलं लिखाण कोणी मागत नाही. आपल्याला हवं ते मोजकं: जुने आजार, चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, शेवटचे रिपोर्ट. पहिले काही महिने हात जड चालतो, हे खरंच. पण मधुमेहाचा जुना रुग्ण आला की सहा गोळ्या पुन्हा हाताने उतरवण्यापेक्षा मागचं प्रिस्क्रिप्शन उघडून एक डोस बदलणं सोपं. आणि डॉक्टर स्क्रीनकडेच बघत बसतो ही तक्रार मला मान्य आहे. मग स्क्रीन रुग्णाकडे वळवा. एचबीए१सीची, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, चढती रेघ स्वतः पाहिलेला माणूस चवथीच्या गोड नेवऱ्यांबद्दल जरा खरं बोलतो.

आता आभा. हा १४ अंकी नंबर म्हणजे रुग्णाची फाइल नव्हे. नंबरात एकही रिपोर्ट भरलेला नसतो. २०२१च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचनाच अशी आहे, की नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर कोणती माहिती, कोणत्या काळातली, कशासाठी आणि किती दिवसांपुरती, हे सांगून रुग्णाची संमती घ्यावी लागते, आणि दिलेली संमती काढून घेता येते. नंबर काढणं ऐच्छिक आहे. राहिली विमा कंपनी. कॅशलेस क्लेम करताना इस्पितळ तिला कागदपत्रं पाठवतंच. ते आभाच्या आधीपासून चालू आहे.

मेसेजने जिथे ओरडायला हवं होतं, तिथे मात्र तो गप्प आहे. काउंटरवर ‘ओटीपी सांगा’ एवढंच म्हणून भराभर बटणं दाबली जातात, कशाला हो म्हटलं हे रुग्णाला कळत नाही. ही संमती नव्हे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण काउंटरवरच्या मुलीला चार वाक्यं समजावून सांगायला शिकवणं हे कायदा करून देणार नाही, ते आपलंच काम.

‘कागद हॅक होत नाही.’ नाही होत. तो भिजतो, त्याला वाळवी लागते, तो बसमध्ये राहतो. ईसीजीची थर्मल पट्टी तर कपाटात नुसती ठेवली तरी फिकी पडत जाते. वाळपईहून किंवा दोडामार्गहून रात्री बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) पोचलेल्या रुग्णाच्या पिशवीत सगळं असतं, फक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळीची चिठ्ठी नसते. नातेवाईक सांगतात, ‘ती बारीक पांढरी, अर्धी.’ तेवढ्यावर गोमेकॉतल्या रेसिडेंट डॉक्टरने काय ठरवावं? उलट, गोव्याच्या स्टेमी (हार्ट अ‍ॅटॅकचा एक गंभीर प्रकार) प्रकल्पात आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी ऑनलाइन पाहिला जातो, आणि हार्ट अ‍ॅटॅकच्या रुग्णाची गोमेकॉत तयारी तो पोचण्याआधी सुरू होऊ शकते.

कागद सापडला तरी तो कोणाचा, हा आपला खास गोमंतकीय घोळ. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं पोरोबो, आधारवर प्रभू. एका इस्पितळात कामोतीम, दुसरीकडे कामत. नावावरून जुनी फाइल शोधणाऱ्या रेकॉर्ड रूमच्या माणसाला विचारा, एकच नंबर असणं म्हणजे काय सोय ते.

हॅकिंगचं उदाहरण म्हणून मेसेज दिल्लीच्या एम्सकडे बोट दाखवतो. २३ नोव्हेंबर २०२२ला तिथले सर्व्हर रॅन्समवेअरने (डेटाला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) खरोखर बंद पाडले आणि जवळजवळ दोन आठवडे ओपीडीपासून लॅबपर्यंत कामं हातानं करावी लागली. पुढचं वाक्य मात्र मेसेजमध्ये नाही: हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल या तिथल्या नोंदींच्या प्रणालीचा डेटा परत मिळवला गेला. पुरात गेलेल्या केसपेपरांचा बॅकअप कुठून आणणार? पावसाळ्यात वीज जाते, नेट जातं, म्हणून कोरे कागद टेबलावर असूच देत; एम्सलाही तेच उपयोगी पडले.

खर्चावर फार बोलण्यासारखं नाही. इस्पितळाच्या नोंदींसाठीचं बहमनीसारखं मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. एकट्या डॉक्टरला महिन्याच्या वर्गणीवर चालणारं साधं सॉफ्टवेअर पुरेल.  २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेतच नोंदींचं संगणकीकरण करण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे, तेव्हा हे खूळ कालपरवाचं नाही.

लहान दवाखान्याला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची असायला हवी. सॉफ्टवेअरवाला नोंदी आपल्याच साच्यात कोंडून ठेवतो आणि सोडून जायचं म्हटलं की अडवतो. करारावर सही करण्याआधी त्याला विचारा: उद्या मी तुम्हाला सोडलं, तर माझ्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत आणि किती पैशांत देणार? उत्तर तोंडी मिळालं, तर ते करारात लिहून घ्या.