आरसी पंधरा वर्षांची, टायर नाही

नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खाजगी कारला नोंदणीपासून १५ वर्षं फिटनेस असतो. तोवर आरसी, विमा आणि पीयूसी दाखवली की टायर, ब्रेक, दिवे बघायचा हक्क कुणालाच नाही. टायर किती घासला याचा कायद्यात उल्लेखच नाही. अडवलंच तर ‘दुरुस्तीला नेतोय’ म्हणा. आणि काही झालंच तर विमा आहे.

एमएच-३१ असो, ४९ असो की ग्रामीणची ४०, कायदा सगळ्यांना सारखाच. म्हणून हा मेसेज ओळीने तपासू.

पहिल्या वाक्यात अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ मधलं फिटनेस सर्टिफिकेट टॅक्सी, ट्रक, स्कूल व्हॅन अशा परिवहन वाहनांना लागतं. नव्या गाडीला दोन वर्षांचं, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं, त्यानंतर दरवर्षी. पांढऱ्या नंबरप्लेटच्या घरच्या कारला हा फेरा नाही. तिची आरसी कलम ४१ प्रमाणे १५ वर्षं चालते, मग फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. पण ही १५ वर्षं नोंदणीची मुदत आहे. दरम्यान गाडी कशीही असली तरी चालेल, असं कलम ४१ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

‘तपासायचा हक्कच नाही’ हे तर सपशेल चूक. इथे कलम १९० वाचायला हवं. ज्या दोषामुळे रस्त्यावर धोका होऊ शकतो आणि जो चालवणाऱ्याला माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशा दोषासह गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दंड १,५०० रुपये. त्याच दोषामुळे कुणी जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा तेच घडलं तर सहा महिने आणि १०,००० पर्यंत मजल जाते. ‘साधी काळजी’ या शब्दांत खरी मेख आहे. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव या शब्दांनी संपतो, कारण गुळगुळीत टायर वाकून बघितला की दिसतो. शिवाय कलम नुसतं चालवणाऱ्यावर थांबत नाही, चालवू देणाऱ्यालाही धरतं. भाच्याला गाडी दिली आणि ब्रेक ढिले असल्याचं ठाऊक होतं, तर मामाही त्यात आला. गाडी लोकांसाठी धोकादायक आहे असं आरटीओला वाटलं तर कलम ५३ खाली म्हणणं ऐकून घेऊन नोंदणी निलंबित करता येते, ती पंधरा वर्षांच्या आतसुद्धा.

आता टायर. उल्लेख नाही म्हणणाऱ्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ उघडावा. नक्षीची खोली दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिमी, कारसह बाकी गाड्यांना १.६ मिमी. आतलं कापड उघडं पडलं, कुठे फुगवटा आला, तरीही टायर बाद.

मोजायला उपकरण लागत नाही. टायरच्या कडेवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) अशी अक्षरं असतात. तिथून सरळ आत मुख्य खाचेत बोट न्या, तळाशी एक आडवा उंचवटा लागेल. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. हे आडव्या रेषेत तीन ठिकाणी बघा. मध्ये जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. फक्त आतली कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि हीच कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मागून डोकावा. १.६ हा कायद्याचा तळ आहे. पावसाळ्यात पाणी बाहेर फेकायला इतकी नक्षी पुरत नाही, ३ मिमीला बदललेला बरा.

नागपुरात फुगवटा कुठून येतो तेही सांगतो. सिमेंट रोड आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्या पातळीत फरक असतो. घाईत त्या कडेवर चाक चढवलं की टायरची बाजू रिम आणि कड यांच्यात चेमटते, आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी लिंबाएवढा फुगा दिसतो. त्याला दुरुस्ती नाही. पंक्चरवाला ‘चालते ना भाऊ’ म्हणाला तरी नाही.

हाच टायर घेऊन मे महिन्यात नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागायचं, ताशी १२० ने शिर्डीपर्यंत ५२० किमी. हवा कमी असेल तर टायरची बाजू दर फेऱ्यात दबते, तापते आणि शेवटी फाटते. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर टायर तपासणी सुरू केली, ती उगाच नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरच्या वयाची मर्यादा नियम ९४ मध्ये नाही, पण कडेवरचे चार आकडे वाचता यायला हवेत: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

‘दुरुस्तीला नेतोय’ हे वाक्य बहुधा याच नियमातून उचललंय. तात्पुरतं ठिगळ लावून जवळच्या दुकानापर्यंत जायची मुभा त्यात आहे. ती ठिगळापुरती. गुळगुळीत टायरवर वर्धा रोडने बुटीबोरीला ऑफिसला जाणारा त्यात बसत नाही.

पीयूसीचं दोन ओळीत आटोपतं. सायलेन्सरमधून येणारा धूर आणि वायू, एवढंच ती तपासणी बघते. नव्या कारला पहिलं वर्षभर लागत नाही, नंतर बीएस-४ या प्रदूषण मानकापासूनच्या गाड्यांना वर्षाची, जुन्यांना सहा महिन्यांची. ब्रेकशी तिचा संबंध शून्य.

दिव्यांचं मात्र लोक हसण्यावारी नेतात. नियम १०६ प्रमाणे दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटरवर डोळा असलेला माणूस दिपता कामा नये. घरच्या एखाद्याला रात्री तिथे उभं करा, डिपर लावा, लगेच कळेल. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब टाकला की प्रकाशाचा बिंदू सरकतो, रिफ्लेक्टर तो वर फेकतो आणि समोरचा आंधळा होतो. ब्रेकलाइट बघायला दुसरा माणूसही नको: पार्किंगमध्ये गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, पेडल दाबा, आरशात भिंतीवरचे लाल डाग मोजा.

राहिला विमा. समोरच्याच्या नुकसानभरपाईपुरता मेसेज बरोबर आहे. कलम १५० मध्ये विमा कंपनीला जे बचाव दिलेत त्यात घासलेला टायर नाही, कंपनीला पैसे द्यावे लागतात. स्वतःच्या गाडीच्या क्लेमचं तसं नाही. पॉलिसीच्या अटींमध्ये गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी, असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि सर्व्हेअर टायरचे फोटो काढतोच. अपघातानंतर कलम १३६ खाली अधिकृत निरीक्षकही गाडी तपासू शकतो. ब्रेक लागत होता का, टायर कसा होता, हे त्या तपासणीत येतं, आणि तेव्हा टायर बदलायची वेळ गेलेली असते.