फोन बुडाला, आता सगळ्यांना बोलवा

फोन पाण्यात पडला की सर्वप्रथम त्याच्याकडे शांतपणे बघत राहावं. गेल्या रविवारी गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आलंय ते बघायला मी फोनचा टॉर्च लावून वाकलो आणि डुबुक! तळाशी टॉर्च चालूच होता. त्या उजेडात टाकी धुवायला झालीय हेही कळलं. म्हणजे फायदाच.

बाहेर काढल्यावर बंद करू नये. चालतोय ना? मग त्याच फोनवरून घरच्या ग्रुपवर ‘फोन पाण्यात पडला’ असा मेसेज टाकावा. उपाय येऊ लागतात.

जोरजोरात झटकावा. एका कोपऱ्यातलं पाणी सगळीकडे सारखं पोचतं.

हेअर ड्रायर फुल गरमवर. आतला गोंद सुटला की पुढच्या वेळी पाण्याला वाट शोधत बसावं लागत नाही.

मग तांदूळ. आई म्हणाली कोलम, बायको म्हणाली इंद्रायणीला हात लावायचा नाही, शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘जुना घ्या हो, नवा चिकट होतो.’’ तांदळात फोन ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होतं, असं अ‍ॅपलने 2024 मध्ये सांगितलंय. पण त्यांना काय कळतंय? त्यांनी नुसते आयफोन बनवलेत, काकूंनी पस्तीस वर्षं भात लावलाय. दुसऱ्या दिवशी चार्जिंगच्या भोकातून मी टाचणीने कणी काढत होतो आणि उरलेल्या तांदळाची आईने खिचडी टाकली होती.

दर दहा मिनिटांनी बटण दाबून बघावं. नाहीच चालू झाला तर चार्जिंगला लावावा. आमच्याकडे हे पुण्यकर्म मेहुण्याने केलं. ‘‘बॅटरी उतरली असेल, दाजी.’’

यानंतर रजा टाकून सर्व्हिस सेंटरला जावं. टोकन घ्यावं, गार हवेत दीड तास बसावं. समोरच्या टीव्हीवर माझ्याच फोनच्या कंपनीची जाहिरात. एक पोरगा फोन हातात घेऊन स्विमिंग पूलमध्ये सूर मारतोय. माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने सिमचा ट्रे काढला, आत उजेड पाडला आणि दोन सेकंदांत निकाल दिला. ‘‘लिक्विड डॅमेज, सर. वॉरंटीत बसत नाही.’’ आत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. गुन्हेगार पकडायची सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली असते! म्हटलं, अहो, खोक्यावर धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी68 छापलंय. ‘‘ते रेझिस्टंट आहे सर, प्रूफ नाही.’’ यातला 6 धुळीचा, 8 पाण्याचा. आणि 8 म्हणजे किती खोल, किती वेळ, हे कंपनीच सांगणार, चाचणी गोड्या पाण्यात. मग माझ्या टाकीत काय समुद्र होता? बोर्ड बदलायचे 17 हजार. फोन 21 हजारांचा. डेटाची गॅरंटी नाही. तपासणीचे 350, तेवढे मात्र लगेच. टीव्हीवर तो पोरगा पुन्हा उडी मारत होता. अरे, पाणी लागलं की हात वर करायचे असतील तर त्याला पाण्यात ढकलता कशाला? कोरड्या सतरंजीवर बसवून दाखवा ना!

शेवटी बोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बोर्ड भिंगाखाली धरला. चार्जिंगच्या चिपभोवती हिरवा बुरा साचलेला, न घासलेल्या तांब्याच्या कळशीवर चढतो तसा. ‘‘त्याच दिवशी बंद करून आणला असता ना दादा, तर आयपीएने धुऊन दिला असता. चार्जिंगला लावलात तिथे संपला.’’

आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. आतलं पाणी सोबत घेऊन स्वतः उडून जातं. हे माहीत असणारा माणूस घरापासून चार मिनिटांवर बसलेला आणि आम्ही घरात तांदूळ निवडतोय!

बंद करा हो तो फोन आधी! ओल्या सर्किटात वीज खेळली की धातू कुजतो. शाळेत इलेक्ट्रोलिसिस काय नुसतं मार्कांपुरतं शिकलो? ट्रे काढा, पुसा, बटणाला हात लावू नका आणि त्याच दिवशी उघडून धुणाऱ्याकडे न्या. आणि बॅकअप? ‘घेऊ नंतर’ म्हणत तीन वर्षं काढली मी. मुलीचं पहिलं पाऊल त्या हिरव्या बुऱ्याखाली गेलं. तुम्हीही घेतलेला नाही, माहितीये मला. घ्या आज. आणि टाकीवर वाकताना फोन खाली ठेवून जा. शंभर-सव्वाशे रुपयांत साधी विजेरी मिळते. ती पडू द्या टाकीत.