वेढे दुप्पट केले म्हणजे रेंज दुप्पट होत नाही

"१२५ किलोहर्ट्झच्या आरएफआयडी रीडरची रेंज वाढवायचीय? कॉइलचे वेढे दुप्पट करा, कॉइल होईल तेवढी मोठी घ्या, मागे पत्रा लावा म्हणजे सिग्नल पुढे फेकला जातो." आरएफआयडी रीडर म्हणजे कार्ड किंवा टॅग स्पर्श न करता वाचणारं यंत्र, आणि त्याबद्दलचा हा सल्ला सगळीकडे फिरतोय आणि नवीन पोरं तो वाचून तार वाया घालवतायत, म्हणून लिहितोय.

आधी वेढे. इंडक्टन्स (करंट बदलण्याला कॉइलचा होणारा विरोध) वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, वेढे दुप्पट की तो साधारण चौपट. १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसोबत १२५ किलोहर्ट्झला रेझोनन्स (कॉइल-कपॅसिटरची अशी जुळणी की त्या फ्रिक्वेन्सीला सर्वात जास्त करंट जातो) हवा तर १.६२ मिलिहेन्री लागतात, तुम्ही करून ठेवले साडेसहा, मग सर्किट घसरतं ६२ किलोहर्ट्झच्या आसपास आणि रीडरची चिप मात्र १२५ वरच ड्राइव्ह करतेय, करंट जाणार कसा? बरं, कपॅसिटर बदलून परत ट्यून केलं, करंटही तेवढाच राहिला असं धरू, तरी कॉइलपासून जरा लांब गेलं की चुंबकीय फील्ड अंतराच्या घनाने पडतं, त्यामुळे दुप्पट फील्डने अंतर वाढतं जेमतेम सव्वापट. "मग फास्टॅग कसा लांबून वाचला जातो" असं विचारतात, अहो तो यूएचएफ (खूप जास्त फ्रिक्वेन्सीचा) आहे, तिथे रेडिओ लहर सुटते. १२५ ला तरंगलांबीच २.४ किलोमीटर, इथे नुसतं ट्रान्सफॉर्मरसारखं कपलिंग.

मोठी कॉइल हे अर्धंच खरं. वेढे आणि करंट तेच ठेवून ५ सेंटिमीटरवर जास्तीत जास्त फील्ड हवं असेल तर त्रिज्या ७ सेंटिमीटरच्या आसपास. त्याच्या पुढे फील्ड उलट कमी होतं, आणि छोटा किचेन टॅग अवाढव्य कॉइलच्या मधोमध धरला तरी त्याचं मॉड्युलेशन (टॅग फील्डमध्ये करतो तो बारीक बदल, ज्यातून तो वाचला जातो) रीडरला दिसेलच असं नाही.

पत्र्याचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात एडी करंट (बदलत्या फील्डमुळे धातूत तयार होणारे गोल प्रवाह) फिरतात, ते फील्डच्या विरोधात जातात, इंडक्टन्स कमी होतो, ट्यूनिंग वर सरकतं. धातूच्या बॉक्समध्ये बसवायचंच असेल तर मध्ये फेराइट शीट (फील्डला धातूत शिरू न देणारी चुंबकीय शीट) घाला आणि कपॅसिटर शेवटी, सगळं बॉक्समध्ये बसल्यावरच ठरवा, टेबलावर ट्यून केलेलं तिथे टिकत नाही.

आणि कृपा करून कार्ड नुसतं सपाट धरून "किती सेंटिमीटर आलं" ते मोजू नका. माणसं कार्ड तिरकं धरतात, पाकिटासकट धरतात. कॉइलच्या मध्यावर काटकोनात उभं धरलेलं कार्ड जवळजवळ वाचलंच जात नाही, तिथून हळूहळू तिरकं करत कुठल्या कोनाला वाचायला लागतं ते बघा.