सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय

अभिनंदन! तुमच्या खात्यात, बँकेत, पतपेढीत, गेला बाजार सोसायटीत नवी सिस्टिम येतेय असं कळलं. लाल फीत, नारळ, मॉनिटरला हळदकुंकू, माउसच्या गळ्यात झेंडूचा हार, हे सगळं ठरलंच असेल. त्यात मी पामरानं काय भर घालावी? पण एक गोष्ट कंत्राटदार तुम्हाला सांगणार नाही, ती मी सांगतो. वेग, पारदर्शकता, कागदाची बचत असल्या किरकोळ फायद्यांवर जाऊ नका. सिस्टिमचा खरा फायदा असा की उद्या काही चुकलं तर ते तुमचं चुकलेलं नसतं.

त्यासाठी एकच वाक्य घोकायचं: ‘सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय.’ आरशासमोर उभं राहून सराव करा. खांदे किंचित वर, नजर पडद्यावर, समोरच्या माणसाकडे चुकूनसुद्धा नाही. व्याकरणाच्या अंगानंही हे वाक्य बघण्यासारखं आहे. आपल्या सरकारी मराठीची सगळी हयात कर्ता लपवण्यात गेली. ‘कळविण्यात येते की’, ‘अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’. कोणी कळवलं, कोणी नामंजूर केला, याचा थांगपत्ता लागू द्यायचा नाही. तरी एखादा चिवट माणूस विचारायचाच, ‘पण कोणी?’ आता त्याला उत्तर आहे. वाक्याला कर्ता मिळाला, आणि तोही असा की त्याची बदली होत नाही, त्याला मेमो निघत नाही आणि त्याच्या दारात कोणी उपोषणाला बसत नाही.

या वाक्याची ताकद मी एका नोव्हेंबरात समोर बसून पाहिली. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. पूर्वी माझी आत्या त्यासाठी बँकेत जायची. काउंटरमागचे कारकून चष्म्यावरून बघायचे, ‘काय बाई, गुडघा काय म्हणतोय?’ असं विचारायचे आणि शिक्का मारायचे. गुडघ्याची तक्रार करणारी बाई जिवंत असते, असा साधा निकष. अगदीच अशास्त्रीय, पण तो चुकल्याचं ऐकिवात नाही. १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि बोटाच्या ठशावर जिवंत ठरायची सोय झाली. सोय चांगली आहे, उगाच खोटं कशाला बोला. माझे सासरे दोन मिनिटांत जिवंत ठरले आणि भाजी घेऊन घरीसुद्धा आले.

आत्याचं तसं नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू धरला, त्याहून जास्त वर्षं राखेनं भांडी घासली. बोटांवरच्या रेषा कधीच्या झिजून गेल्या. सेवा केंद्रातल्या पोरानं डाव्या हाताचा अंगठा लावून बघितला, मग उजव्या हाताचा, मग ओळीनं आठही बोटं. ‘आजी, बोट जरा केसांवरून फिरवा.’ फिरवलं. ‘ओल्या फडक्याला पुसा.’ पुसलं. ‘आता जोरात दाबा. एवढं जोरात नाही.’ पडद्यावर दर वेळी ३०० हा आकडा यायचा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही.

‘अरे बाळा, पण मी तुझ्यासमोर बसलेय ना?’

‘हो आजी, मला दिसताय. सिस्टिममध्ये मॅच होत नाही.’

‘मग गेल्या वर्षी कोण आलं होतं?’

यावर पोरगं जरा घुटमळलं. पण शिक्षण चांगलं झालेलं असावं. त्यानं खांदे किंचित वर केले आणि पडद्याकडे बघत ते वाक्य म्हटलं. मग त्यानं मोबाइल काढला. २०२१पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. आत्यानं पदर सारखा केला, फोटोला बसतात तशी बसली. मोबाइल म्हणाला, पापण्या मिटा. आत्यानं आज्ञाधारकपणे डोळे मिटले आणि मिटूनच बसली. ‘उघडा, उघडा आजी, उघडमीट करा!’ जिवंत असल्याचा पुरावा म्हणून आधी डोळे मिटायला लावणारं शास्त्र तिला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळायचं होतं. मोतिबिंदू काढलेला डोळा नीट मिटेना, तिच्या पाठीमागच्या खिडकीतून उजेड येत होता, चार वाजता नेट गेलं. डिसेंबरचं पेन्शन आलं नाही. जानेवारीचंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही एक केस झाली. बरोबर! हेच म्हणायचं. कायम टक्केवारीत बोला. ‘नव्याण्णव टक्के लोकांचं काम सुरळीत झालं’ असं सांगितलं की सभागृहात टाळ्या पडतात, कारण उरलेला एक टक्का सभागृहात बोलावलेला नसतो. १४० कोटींच्या देशात एक टक्का म्हणजे १ कोटी ४० लाख. २०११च्या जनगणनेतली अख्खी मुंबई त्यात बसवली तरी वर जागा शिल्लक राहील. पण ‘मुंबईभर लोक राहिले’ असं कोणी म्हणत नाही. ‘एक टक्का त्रुटी’ म्हणावं, ऐकायलाही कसं आटोपशीर वाटतं.

या विद्येचं उच्च शिक्षण मात्र विलायतेलाच. तिथल्या पोस्टानं १९९९पासून गावोगावच्या काउंटरांवर ‘होरायझन’ नावाची हिशेबाची सिस्टिम बसवली. पुढं ती चालवली जपानच्या फुजित्सू कंपनीनं. तिकडं गावचं पोस्ट म्हणजे बहुतेक वाण्याच्या दुकानातलं एक काउंटर, आणि ते चालवणारा सब-पोस्टमास्तर म्हणजे गावानं डोळे झाकून पैसे हवाली करावेत असा माणूस. सिस्टिम आली आणि या माणसांच्या गल्ल्यात तूट दिसायला लागली. कधी शेकड्यांत, कधी हजारो पौंडांत. पोस्ट करारावर बोट ठेवायचं, तूट भरायची ती तुम्ही. लोकांनी साठवलेले पैसे घातले, घरं गहाण टाकली, सासरी-माहेरी हात पसरले. मदतीच्या नंबरावर फोन केला तर कित्येकांना एकच उत्तर मिळायचं: ही तक्रार करणारे तुम्ही एकटेच.

हे उत्तर लिहून ठेवा. देवघरात लावा. शेकडो माणसांना एकाच वेळी ‘तुम्ही एकटेच’ सांगता येतं, कारण ती एकमेकांना ओळखत नसतात. फोन घेणारा तेवढा एकटा सगळ्यांना ओळखत असतो.

प्रत्यक्षात सिस्टिममध्ये दोष होते. त्यांतला एक तर इतका घरगुती की आपल्यालाही ओळखीचा वाटावा: पडदा गोठला म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबलं की तीच रक्कम मुकाट्यानं पुन्हा पुन्हा नोंदली जायची. पण पोस्टानं काय केलं बघा. तिकडं पोस्टाला स्वतःच खटले भरता यायचे. म्हणजे फिर्यादी पोस्ट, तपास करणारं पोस्ट, आणि पुरावा पोस्टाच्याच सिस्टिमचा. कायदाही मदतीला धावला. संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर आधी संगणक नीट चालत होता हे दाखवा, अशी एक कटकटीची अट होती. १९९९च्या एका कायद्यानं ती काढून टाकली. त्यानंतर संगणक बरोबरच, असं गृहीत. चूक आहे म्हणणाऱ्यानं ती शोधून दाखवावी, आणि शोधायची कशातून? ती सगळी नोंद पोस्टाकडे आणि कंपनीकडे. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक लोक दोषी ठरले. चोर सोडून संन्याशाला सुळी असं आपल्याकडे म्हणतात, पण इथे चोर नव्हताच. पैसेही कुठे गेले नव्हते. २०१०मध्ये भारतीय वंशाची एक पोस्टमास्तरीण गरोदर असताना तुरुंगात गेली, आणि त्या दिवशी तिच्या थोरल्या मुलाचा वाढदिवस होता.

या उत्तम चाललेल्या कारभारात एकच खोट निघाली. वेल्समधल्या अ‍ॅलन बेट्स नावाच्या पोस्टमास्तरानं तूट भरायला नकार दिला. २००३मध्ये त्याचा करार संपवला, तरी गडी विचारत राहिला. त्यानं पुढं ५५५ ‘एकटे’ गोळा केले. २०१९मध्ये न्यायाधीशानं सिस्टिममधले दोष मान्य केले, आणि पोस्टाचा पवित्रा म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे, असं सुनावलं. २०२४मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा पुसाव्या लागल्या. म्हणजे बघा, दोष मान्य करायचं एक काम वीस वर्षं पुढं ढकलता येतं. तोवर तुम्ही निवृत्त झालेले असता. या प्रकरणात निदान तेरा जणांनी आत्महत्या केली असावी, असं चौकशीच्या २०२५च्या अहवालात आहे. होरायझनमध्ये या आकड्यासाठी रकाना नव्हता.

विलायत परवडत नसेल तर ऑस्ट्रेलियाचा छोटा कोर्सही आहे. तिथल्या सरकारनं भत्ता घेणाऱ्यांकडून वसुली काढायला वर्षाचं उत्पन्न घेतलं, त्याला २६ पंधरवड्यांनी भागलं आणि नोटिसा धाडल्या. म्हणजे ऊसतोड्याची सहा महिन्यांची मजुरी बारा महिन्यांवर पसरायची आणि त्याला विचारायचं, जूनमध्ये तर तू कमावत होतास, मग मदत कशी घेतलीस? सिद्ध तूच कर. लोकांनी त्याला ‘रोबोडेट’, म्हणजे यंत्रानं काढलेलं कर्ज, असं नाव ठेवलं. २०२३मध्ये शाही आयोगानं ते ओबडधोबड आणि क्रूर ठरवलं. भागाकार मात्र अगदी बरोबर होता, हे आयोगालाही नाकारता आलं नसतं.

त्रुटीच्या संदेशाबद्दल विसरलोच. तो आकड्यात द्या, अर्थ देऊ नका. ‘थेरॅक-२५’ नावाचं किरणोपचाराचं यंत्र होतं. आधीच्या मॉडेलमध्ये जास्त किरण गेले तर अडवणारी लोखंडी व्यवस्था होती. नव्यात ती काढली, सॉफ्टवेअर आहेच की! १९८५ ते १९८७मध्ये सहा रुग्णांना भयंकर मात्रा गेली. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असं यायचं. ५४ म्हणजे काय ते चालवणाऱ्याच्या पुस्तिकेत नव्हतं. असले संदेश दिवसातून इतक्यांदा यायचे की ‘पुढे चला’चं बटण दाबायची हाताला सवयच झालेली. आपण ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत’वर टिचकी मारतो ना, तीच सवय. फक्त बटणापलीकडे माणूस झोपलेला होता.

नैतिकतेचा प्रश्न निघालाच, आणि हल्ली तो निघतो, तर समिती नेमा. त्यात एक प्राध्यापक, एक निवृत्त न्यायाधीश, एक बाई असाव्यात. अधिकार देऊ नयेत, चहा द्यावा. गूगलनं २६ मार्च २०१९ला कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अशी बाहेरच्या जाणकारांची मंडळी जाहीर केली. नावांवरून वाद झाला आणि ४ एप्रिलला ती बरखास्त. नऊ दिवस. आपला गणपतीसुद्धा दहा दिवस बसतो.

खरा धोका समितीचा नाहीच. खरा धोका ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या भाऊसाहेबांचा. प्रत्येक कचेरीत एक असतात. डेमो संपतो, सगळे टाळ्या वाजवतात, तेव्हा हे हात वर करतात: ‘साहेब, आणि मशीन चुकलं तर माणसानं कोणाकडे जायचं?’ प्रश्न इतका साधा असतो की सेल्समनकडे त्याची स्लाइड नसते. रागावू नका. ‘भाऊसाहेब, काळाबरोबर चालायला हवं’ असं म्हणा आणि लोकांना हसू द्या. लवकरात लवकर त्यांच्या निरोप समारंभाची तारीख काढा. शाल, श्रीफळ, त्यांच्या प्रामाणिकपणावर चार मिनिटं भाषण. त्यांच्या टेबलावर किऑस्क ठेवा. फक्त त्यांचं रजिस्टर रद्दीत घालताना आधी चाळून बघा. त्यात शेऱ्याचा एक रकाना असतो. ‘बाई आजारी, मुलगा आला, खात्री केली’, ‘बोट कापलेले, जुना इसम, ओळखतो’. तुमच्या सिस्टिममध्ये फक्त होय आणि नाही आहे, तेव्हा या रकान्याचं काय करायचं ते कोणाला विचारत बसू नका.

आत्याचं राहिलंच. तिसऱ्या फेरीला मी तिला थेट बँकेत घेऊन गेलो. काउंटरवर नवीन मुलगी होती, तिनं तेच वाक्य म्हटलं. पण आतल्या टेबलावरचे एक जण, दोन महिन्यांत निवृत्त होणार होते म्हणे, उठून बाहेर आले. ‘बाई, तुम्ही आम्हाला तिसरीला होतात,’ म्हणाले, आणि कपाटाच्या तळातून छापील फॉर्म काढून त्यांनी फुंकरीनं धूळ उडवली. कागदी दाखल्याची सोय अजून होती, फक्त कोणाला सांगायची नव्हती. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि गुडघ्याचीही चौकशी केली.

फेब्रुवारीत तिन्ही महिन्यांचं पेन्शन एकदम जमा झालं. पाठोपाठ मोबाइलवर मेसेज: आमच्या डिजिटल सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? मी तो आत्याला वाचून दाखवला. तिनं नीट ऐकून घेतला, बोट केसांवरून फिरवलं, पदराला पुसलं आणि पुढे करत म्हणाली, ‘कुठं लावू?’